समुद्र अळणी झाला की

आमच्या घरी वरण दोन पातेल्यांत शिजायचं. मोठ्या पातेल्यातलं मिठाचं, ते मामाजींचं आणि माझं. लहान पातेल्यातलं अळणी, ते आत्याबाईंचं. मामाजी म्हणजे माझे सासरे मनोहरराव, वर्ध्याच्या कचेरीत कारकुनी करून घरी बसलेले. आत्याबाई म्हणजे सासूबाई, मंदाबाई. मला मुलींच्या शाळेत शिकवायला जायची घाई, आणि चुलीवर हे दोन संसार. एकदा गडबडीत लहान पातेल्यात मीठ पडलं, तर आत्याबाईंनी घास तोंडातून काढला, चूळ भरली आणि दिवसभर उपाशी राहिल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मलाही दोन शब्द ऐकवता आले असते.

त्यांनी मीठ सोडलं होतं ते मुलासाठी. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. केशव त्यांचं नाव. नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण या घरात ते नाव हाक मारायला आता उपयोगी पडत नाही, तेव्हा एकदा लिहून टाकते.

हे नागपूरला बी.एस्सी. झाले आणि नोकरी लागली ती थेट काकीनाड्याला, मासळीच्या खात्यात. वर्ध्याच्या माणसाला समुद्राची नोकरी! वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीत चांगलंच हसू झालं. काम काय ते कळल्यावर तर लोकांना हसू आवरेना. होडीतून आत जायचं, दोराने बादली सोडायची, समुद्राचं अगदी वरचं पाणी काढायचं, त्यात थर्मामीटर बुडवायचा, मग बाटलीत भरून बूच मेणाने बंद करायचं. किनाऱ्यावर आणून त्यात मीठ किती ते मोजायचं. बारा महिने हेच. वरचं पाणी कधी गार पडतं, कधी खारट होतं, कधी फिकं, त्यावर मासळीचं येणं-जाणं असतं म्हणे.

"म्हणजे पाणी भराची नोकरी," मामाजी म्हणाले. "मंग बी.एस्सी. काऊन केलं बावा?"

तिथे राहायला धड जागा नव्हती आणि माझी शाळा इथे, म्हणून मी नालवाडीलाच राहिले. हे वर्षातून दोनदा यायचे. चैत्रात चार दिवस, आणि दिवाळीला जरा सवडीने.

चैत्रात आले की उन्हाची तक्रार करायचे. "तिकडे आत्ता समुद्र गार पडलाय," म्हणायचे. मी म्हटलं, थापा मारू नका, चैत्रात काय गार पडतं? तर मला मोरीत नेलं. घंगाळात खाली गार पाणी होतं, वर मी नुकतंच कढत ओतलं होतं. यांनी तळहाताने वरचं पाणी हळूच एका बाजूला लोटलं. "आता इकडे हात घाल." घातला, तर खालचं गार पाणी वर आलेलं. "वारा असाच वरचं पाणी लोटतो," हे म्हणाले, "मग खालचं वर येतं. पार तळाकडचं." मी म्हटलं, माझं आंघोळीचं पाणी निवलं त्याचं काय? तेव्हा खूप हसलो होतो दोघं.

आत्याबाईंना मात्र गारव्याचं काही वाटलं नाही. त्यांचा वाद मिठाचा. समुद्राचं मीठ कमी होतं हे त्यांना पटेना.

"समुद्राचं मीठ का कोणी काढून नेते?"

"काढून नाई नेत, माय. तुयी धाम नदी त्यात पाणी ओतते." यांनी जमिनीवर ज्वारीचं पीठ पसरलं आणि बोटाने नद्या काढल्या. आपली धाम वेणेला मिळते, वेणा वर्धेला, वर्धा पुढे वैनगंगेला, मग प्राणहिता, मग गोदावरी, आणि गोदावरी समुद्राला मिळते ती काकीनाड्याच्या शेजारीच. "पावसाळाभर हे गोडं पाणी येऊन पडते. गोडं हलकं, ते वरच राह्यते. आश्विनापावतर वरचा समुद्र पार फिका."

"मी समुद्रपूरची हावो," आत्याबाई म्हणाल्या. "मले समुद्र नोको शिकवू."

हिंगणघाटाकडचं समुद्रपूर त्यांचं माहेर. तिथे ओंजळभर समुद्र नाही, पण नावाचा तोरा मात्र त्यांनी आयुष्यभर मिरवला.

पुढच्या दिवाळीला हे दोन बाटल्या घेऊन आले. एक वैशाखातली, एक आश्विनातली. ओसरीवर बसून दोन्ही बुचं काढली आणि आईला म्हणाले, बोट बुडव. वैशाखातलं चाखून आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं, थू थू केलं. मग आश्विनातलं चाखलं. तेही खारटच होतं, मी चाखलं ना. पण पहिल्याच्या मानाने अगदी फिकं.

"अगं माय," आत्याबाई ओरडल्या, "हा तर अळणी झाला!"

त्यांना इतका आनंद झाला की गल्लीतल्या बायका बोलावून आणल्या. 'आमच्या धामीनं समुद्र अळणी केला,' असं सांगत जी ती बोट बुडवत गेली, आणि आश्विनातली बाटली त्या एका दुपारी संपली. शेजारच्या रंभाने तर दोनदा चाखलं.

"समुद्र अळणी झाला की आमचं वर्षाचं काम सरते," हे आईला म्हणाले. "काम सरलं की सुट्टी. म्हणून समुद्र अळणी झाला की मी घरी येतो, एवढं ध्यानात ठेवजो."

त्यांनी ते ध्यानात ठेवलं.

वैशाखातली बाटली उरली. मला ती माझ्या खोलीत हवी होती. यांनी स्वतःच्या हाताने भरलेली, बुचावर यांच्या अंगठ्याचा ठसा उमटलेलं मेण. पण आत्याबाई म्हणाल्या, समुद्राचं पाणी म्हणजे तीर्थ, ते देवापाशी राहील. आणि बाटली देव्हाऱ्यात गेली. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर हे आईकडे पाहून हसत होते. मला राग आला होता. अजूनही येतो.

पुढच्या वर्षी पाऊस ओढून धरला. धाम कशीबशी वाहिली. आश्विनात यांचा निरोप आला की धनत्रयोदशीला पोचतो, एक शेवटची फेरी राहिली आहे. चिवड्याचे पोहे मी उन्हात टाकले होते, तेव्हा तार आली.

मामाजी काकीनाड्याला जाऊन आले. यांची पेटी घेऊन आले. होडीत यांच्याबरोबर दोन कोळी होते, त्यातला एक पोहत किनाऱ्याला लागला. त्याने सांगितलं की अचानक वारं उठलं, लाट आली, होडी उलटली. हे त्याला एकदा दिसले, बादलीचा दोर हातात होता. मग दिसले नाहीत. समुद्राने काहीच परत दिलं नाही.

मामाजी हे ओसरीवर बसून सांगत होते. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं समुद्र अळणी झालता का?"

 मामाजी कपाळावर हात मारून म्हणाले, "मले काय मालूम! खाराच असन. समुद्र हाय तो!"

"मंग बरोबर," आत्याबाई म्हणाल्या. "यंदा धामीले पाणीच नव्हतं. समुद्र अळणी झाला नाई, म्हणून तो आला नाई. झाला की येईन."

त्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं. मी हातातल्या बांगड्यांना हात लावला तर मनगट धरलं. "खबरदार. माया पोरगा जिता हाय." आणि स्वतःच्या हाताने माझ्या कपाळावर कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा मोठं.

ही गोष्ट मी कुणाला सांगू? ते गेले हे मला त्याच दिवशी कळलं होतं. माणूस गेला की बाईला निदान छाती पिटता येते, चार बायका भोवती बसतात, पाठीवरून हात फिरवतात. मला ते मिळालं नाही. मी कुंकू लावून शाळेत जायची, मुलींना नद्यांची नावं पाठ करून घ्यायची, घरी येऊन दोन पातेली चढवायची. रडायचं तर विहिरीवर, पोहऱ्याच्या आवाजात. घरात हुंदका निघाला की आत्याबाई देव्हाऱ्यापुढून हाक मारायच्या, "काय झालं वो शरयू? कोण मेलं?" कोण मेलं हे त्यांना मी काय सांगायचं? मीठ सोडलं म्हणून सगळी गल्ली त्यांच्या दुःखाला हात जोडत होती. माझ्या दुःखाला घरात बसायला पाट नव्हता.

संक्रांतीला रंभाने हळदीकुंकवाला बोलावलं. बायकांच्या रांगेत ती माझ्यापाशी आली आणि कुंकवाची कुयरी हातात धरून थांबली. लावावं की न लावावं? तिची काय चूक. सगळ्या बायका आपापल्या पदराकडे बघायला लागल्या. शेवटी मीच उठले आणि घरी आले. आत्याबाईंनी विचारलं, "वाण काऊन नाई आणलं?"

आणि मीही काही फार शहाणी नव्हते. चैत्र आला तेव्हा मला घंगाळ आठवलं. वरचं पाणी लोटलं जातं, तळाकडचं वर येतं. पूर्ण चैत्र मी पोस्टमनची वाट पाहिली. काहीतरी वर आलं असेल, कुणाला सापडलं असेल, अंगठी, सदरा, काहीही. शिकलेली बाई मी, शाळेत भूगोल शिकवते. पण वैशाख लागेपर्यंत रोज दारात उभी राहत होते.

त्याच उन्हाळ्यात अंगणातली तुळस वाळली. मी दुसरी लावली, तीही पिवळी पडून गेली. रंभा म्हणाली, घराला काहीतरी बाधा आहे. मी आत्याबाईंवर खेकसले, "एवढा वेळ देवापुढे बसता, तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं होत नाही का?" त्या म्हणाल्या, "घालतो ना. रोज घालतो." आणि परत पळी-पंचपात्र घेऊन देव्हाऱ्यापुढे बसल्या. पूर्वी त्यांची पूजा झटपट असायची. आता सकाळी आतून दार लोटून बसत.

त्या पावसाळ्यात धामीला पूर आला. नदीकाठच्या पवनारकडून भाजी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला आत्याबाई विचारायच्या, "पाणी किती हाय वो?" खडक बुडाले म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. दिवाळी आली. त्यांनी मला अनारसे करायला लावले. यांना आवडायचे. मी केले. एकेक अनारसा तुपात सोडताना वाटायचं की कढईच उचलून अंगणात भिरकावून द्यावी. भाऊबीज झाली, अनारसे मऊ पडले, मुंग्या लागल्या.

शेवटी मामाजींनी अण्णाजी गुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणाले, देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात. बुडताना पाहणारा माणूस आहे, तेव्हा बेपत्ता माणसासाठी थांबतात तसं बारा वर्षं थांबायचं कारण नाही. मामाजी माझ्याकडे वळले. "तुयं काय म्हणणं हाय, पोरी?"

इतक्या दिवसांत मला कुणी पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हणाले, "करा मामाजी. मला रडायचं आहे."

आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आज नोको. संक्रांत जाऊ द्या." आणि आत गेल्या.

संक्रांत गेली. त्यानंतर एका सकाळी देव्हाऱ्यापुढून उठून त्या ओसरीवर आल्या, मामाजींच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "करा."

"काय करू?"

"त्याचं करून टाका. पळसाचं. पण मी येईन नदीवर, शरयूबी येईन. अन् देवापाशची बाटली धामीत सोडाची."

मामाजींना धक्का बसला आणि मला संताप आला. इतके महिने मला कोंडून ठेवलं आणि आज एका शब्दात दार उघडलं, ते काय म्हणून? काही नवीन कळलं होतं का? आणि बाटली नदीत का? ती एवढी एकच वस्तू उरली होती, यांच्या हातची. मी म्हणाले, "बाटली मला द्या. माझ्या खोलीत राहू दे."

"तिच्यात काय ठेवलं हाय आता," आत्याबाई म्हणाल्या.

गुरुजींनी बायकांनी नदीवर यायला हरकत घेतली. मामाजी म्हणाले, "येऊ द्या. तिनं त्याले जन्म देल्ला हाय." त्यांच्या आवाजात पहिल्यांदा धार होती. टांग्यातून आम्ही पवनारला गेलो. आत्याबाईंनी बाटली पदरात गुंडाळून मांडीवर धरली होती, लहान मूल धरावं तशी. 

धामीचं पाणी उतरलं होतं, खडकांमधून बारीक धार वाहत होती. वाळूवर गुरुजींनी पळसाची पानं जोडून पुतळा केला. हात, पाय. नारळाचं डोकं. मामाजींनी अग्नी दिला. हिरवट पानं नीट पेटेनात, धूर फार झाला. मला वाटलं होतं त्या वेळी मी मोठ्याने रडेन. पण पानांकडे बघून रडूच येईना. यांच्यासारखं त्यात काही नव्हतं. पाण्यापाशी बसून मी कुंकू पुसलं, बांगड्या दगडावर फोडल्या. आत्याबाईंनी या वेळी मनगट धरलं नाही.

राख नदीत सोडल्यावर त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "तू सोड."

मी बुचावरचं मेण चाचपलं. मला वाटलं, एकदा, एकदाच, त्या दिवशी ओसरीवर यांनी चाखायला लावलं होतं तसं चाखावं. त्यानंतर यांच्या समुद्राची चव मला कधी मिळणार नाही. मी बूच काढलं, बोट ओलं केलं आणि जिभेला लावलं.

खारट नव्हतं.

मी पुन्हा बोट बुडवलं. मिठाचा मागमूस नव्हता. आमच्या अंगणातल्या विहिरीच्या पाण्याला एक चुनखडीची चव आहे, नालवाडीत दुसऱ्या कुठल्या विहिरीला नाही. जिभेवर तीच चव होती.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या वाहत्या धारेकडे बघत होत्या.

"नदीच्यानं होत नव्हतं ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपण करावं. रोज एक पळी काढली, एक पळी विहिरीचं टाकलं. काढलेलं तीर्थ कुठं फेकाचं? तुळशीले घातलं."

मला एकदम आमच्या दोन्ही वाळलेल्या तुळशी दिसल्या. 

"दिवाळीच्या आधीच झाला होता," त्या म्हणाल्या. "रोज चाखून पाह्यलं. म्हटलं, अजून असन थोडंसं मीठ, आपल्या जिभेले लागत नसन. म्हणून संक्रांत जाऊ द्या म्हटलं." त्या माझ्याकडे वळल्या. "अळणी झाला वो शरयू. पार अळणी झाला. तरी नाई आला."

आणि त्या वाळूवर बसल्या. मी त्यांना इतक्या दिवसांत रडताना पाहिलं नव्हतं. रडत होत्या ते माय मेलेल्या पोरासारखं, तोंड उघडं टाकून. माझ्या हातातून बाटली कधी कलंडली कळलं नाही. आमच्या विहिरीचं पाणी धामीत गेलं, आणि मला रडू फुटलं. मी त्यांच्या गळ्यात पडले. आम्ही दोघी अशा रडलो की मामाजी आणि गुरुजी दूर खडकावर जाऊन बसले.

घरी चूल पेटवायची नव्हती. रंभा एका पातेल्यात वरणभात घेऊन आली. आमच्याकडे सुतकात अळणी खातात, तिने त्याप्रमाणे केलं होतं. मामाजी जेवले नाहीत, पडून राहिले. मी दोन ताटं घेतली. रंभा वाढायला वाकली, तर आत्याबाईंनी तिच्या हातातून पळी काढून घेतली.

"तुले जाईन का वो अळणी?" त्यांनी मला विचारलं.

मी ताट पुढे केलं. त्यांनी आधी मला वाढलं, मग त्याच पातेल्यातलं स्वतःला वाढून घेतलं.